कांदे चिरणारी अध्यक्षा

साताऱ्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत मला महिला मंडळाची अध्यक्षा निवडलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य मलाच वाटलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. चार बायकांसमोर बोलायला उभी राहिले की माझे हात थरथरायचे. 'प्रभो, निवडताना तुझा काहीतरी गोंधळ झालाय,' असं मी रोज प्रार्थनेत सांगत होते. त्या श्रावणात आसपासच्या तालुक्यांतल्या भगिनींचं संमेलन आमच्याकडे होतं. ते कसंबसं पार पाडायचं आणि पद सोडायचं, हे माझं ठरलं होतं. संध्याकाळी तुमच्याशी बोलायचंय, असं मी पाळकसाहेबांना सांगूनही ठेवलं.

सुट्टी आहे म्हणून आम्ही तो दिवस धरला होता. आम्हाला सुट्टी दिसली, पण ती नागपंचमीची आहे हे एकीच्याही लक्षात आलं नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात आचाऱ्याचा फोन आला, येत नाही म्हणून. तो शिराळ्याचा, जिथली नागपंचमीची जत्रा सगळीकडे गाजलेली. पंचमीला शिराळ्याचा माणूस गाव सोडून आमच्याकडे येईल, ही आशा फक्त आमचीच मंडळी धरू जाणे! दुसरा आचारी शोधला, तर जो तो म्हणे, आज आम्ही विळी-सुरीला हात लावत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. एरवी हाकेला धावून येणाऱ्या शेजारणीही ओशाळून हसल्या. इकडे वडूजची एसटी आली, सांगलीची आली, आणि मंडप भरून गेला. पहाटेच घर सोडून आलेल्या त्या बायकांना मी काय वाढणार होते? चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये थंड चुलीपाशी बसून मी रडले. 'मला नाही जमत, आता तूच बघ,' एवढंच म्हणाले.

डोळे पुसून वर पाहिलं, तर दारात पांढऱ्या मिशांचे एक अनोळखी मामा उभे. सणाला लेकीला माहेरी न्यायला आलेले. लेक मागच्या गल्लीत राहायची, दवाखान्यात नर्स होती आणि दुपारशिवाय सुटणार नव्हती. एवढी माणसं जमलीत आणि धूर कसा दिसत नाही, म्हणून ते डोकावले होते. सगळी नोकरी त्यांनी फौजेच्या लंगरवर स्वयंपाक करण्यात काढलेली. माझं रडगाणं त्यांनी निम्म्यातच थांबवलं.

"आवं ताई, चुलीचं मी बगतो. चिरायचं तेवढं तुमी करा. तुमाला पंचमी न्हाई न्हवं?"

अख्खा मसूर, भात आणि गव्हाची खीर असा बेत ठरला. स्वागताच्या भाषणासाठी मंडपात माझ्या नावाचा पुकारा झाला, तेव्हा अध्यक्षाबाई कांद्यांच्या ढिगामागे होत्या. पाळकबाई मला शोधत आल्या आणि माझा अवतार पाहून पदर खोचून लसूण सोलायला बसल्या. मागोमाग पाळकसाहेबही आले नि पाणी भरू लागले. मंडपातल्या गीतांवर मामा मान डोलवत डाव फिरवत होते. सकाळच्या रडण्याचा सगळा दोष मी कांद्यांवर ढकलून दिला.

पंगत बसली. पहिल्या पंगतीत रिवाजाप्रमाणे माझी जागा राखलेली. तिकडे निघाले, तर मामांनी माझ्या हातात डाव दिला.

"आमच्या पलटणीत बड्या खान्याला सायब लोक सोता वाढत्यात. जवान जेवला की मग सायब. तुमच्यात कसं असतंय?"

कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुणारा माझा प्रभू मला आठवला. जन्मभर तो शास्त्रपाठ ऐकत आले होते. "आमच्यातही तसंच सांगितलंय, मामा," मी म्हणाले आणि वाढायला निघाले.

प्रत्येकीपाशी वाकले, प्रत्येकीला गाव विचारलं, आग्रह केला. शेवटची प्रार्थनाही मीच केली, ती डाव हातात ठेवूनच. हात थरथरले नाहीत, हे मला घरी गेल्यावर आठवलं. मामा खिरीचा डबा घेऊन लेकीसोबत एसटीला गेले आणि त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांना कोणी धाडलं यावर मी वाद घालत नाही, नुसते उपकार मानते. मी हात टेकले तेव्हा देवानं ते रिकामे ठेवले नाहीत, त्यांत विळी दिली.

सगळ्या गेल्यावर पाळकसाहेब, पाळकबाई आणि मी शेडमध्ये जमिनीवरच जेवायला बसलो. तळाचा मसूर थोडा करपला होता, तरी बोटं चाटून खाल्ला.

"तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं ना?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी पंचमी कधी येते, ते आधी बघून ठेवायला हवं."