बिब्यानं खाल्लेला अंगठा

सकाळी सुनेचे डोळे उघडेनात. तोंड एवढं सुजलं होतं की नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो हे कळत नव्हतं. मानेवर, हातांवर, पोटावर पाण्यानं भरलेले फोड. पोट सातव्या महिन्याचं. खाजवू नये म्हणून तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मला म्हणाली, "आत्या, पोटातलं हालून नाही राहिलं."

बिबा उतला होता, त्याचं तेल अंगावर फुटलं होतं. आमच्या गल्लीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खोबरं किसून अंगाला लावायचं, तीळ चावायला द्यायचे, आणि वाट बघायची. पण पोटातलं हालत नाही म्हटल्यावर मी खोबरं तसंच ठेवलं आणि जीप सांगायला गेले. मुलगा ट्रकवर होता, तो महिना-महिना घरी नसतो. नातीला शेजारणीकडं सोडलं.

जीपपाशी गावातले एक मालक उभे होते. आम्ही बाया त्यांच्याच शेतात खुरपायला जातो. सुनेकडं बघून ते शेजारच्याला म्हणाले, "महिन्याला सरकारचे पैसे बी घ्यायचे, अन् पोटुशीला बिब्यावर बी बसवायचं. किती पुरे पडावं यांना!"

मी उत्तर देणार होते, पण जीप निघाली. ते उत्तर आता देते.

बिबा फोडणं म्हणजे काय हे आधी सांगते, कारण गोडंबी खाणाऱ्याला ते माहीत नसतं. व्यापारी बिब्याचं पोतं घरी टाकून जातो. दारात दगड घ्यायचा, एकेक बिबा त्यावर धरायचा आणि हातोडीनं असा फोडायचा की आतली गोडंबी अख्खी निघाली पाहिजे. फुटकीला भाव नाही. फोडताना काळं तेल उडतं. जिथं पडेल तिथं कातडी जळते. हाताला राख लावायची, तेल लावायचं, तरी बोटं काळी पडतात, सोलतात, गुळगुळीत होतात. असल्या हातानं लेकराला शिवता येत नाही, त्याच्या अंगावर उततं. माझी नात पाच वर्षांची होईपर्यंत तिची वेणी तिच्या आईनं कधी घातली नव्हती. मी नाहीतर शेजारीण घालायची.

मग बायकांच्या खात्यात महिन्याचे पैसे यायला लागले. सून खातं बघून आली आणि दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला म्हणाली, पोतं घेऊन जा. तो हसला. म्हणाला, येशीलच परत. तिनं पोतं स्वतः ओढत रस्त्यावर नेऊन ठेवलं.

त्या पैशात आम्ही सोन्याची अंगठी केली नाही. घरात दूध आलं. नातीच्या शाळेचे बूट आले. दिवस गेले तेव्हा सून तिसऱ्याच महिन्यात दवाखान्यात दाखवून आली, मी तर तीन बाळंतपणांत एकदाही गेले नव्हते. आणि तिच्या हाताला नवी कातडी आली. आधी गुलाबी, मग आपल्यासारखी. एका सकाळी तिनं नातीला पुढ्यात बसवून वेणी घातली. वाकडी घातली. नात तशीच शाळेत गेली आणि कुणाला सोडू देईना.

मालकाचा राग कशाचा हे मला पक्कं माहीत आहे. आधी खुरपायला हाक मारली की पडेल त्या रोजानं बाया पळत यायच्या. पैसे यायला लागल्यावर बाया विचारायला लागल्या, रोज किती देता? त्यांना रोज वाढवावा लागला. तेव्हापासून पारावर बसून ते सांगायचे की फुकटच्या पैशानं बाया माजल्या, आळशी झाल्या. आळशी म्हणे. खुरपं धरून दिवसभर वाकून दाखवा आणि मग बोला.

मग निरोप आला की केवायसी करा, नाहीतर पैसे बंद. आमच्या गल्लीत बायका निम्म्या बिब्यावाल्या. सेवा केंद्रवाला म्हणाला, हात स्वच्छ करून या, काळ्या बोटानं मशीन घेत नाही. त्यानं एवढंच सांगितलं आणि बायकांनी ते मनावर घेतलं. साऱ्या गल्लीनं विटकरीच्या तुकड्यानं, राखेनं, चिंचेनं अंगठे घासले. लग्नाची भांडी घासावी तसे. सुनेनं सगळ्यांत जास्त घासलं, कारण तिच्या बोटाच्या फटीत जुनं काळं राहिलं होतं. नवी कातडी पातळ. तिच्यावर नुकत्या रेषा उठायला लागल्या होत्या, त्या विटेवर गेल्या.

मशीनवर पुन्हा पुन्हा लाल दिवा लागला. केंद्रवाला मला म्हणाला, "आजी, हिला अंगठाच न्हाई."

मी म्हटलं, "हाय की. समोर दिसून नाही राहिला का तुला?"

तो वाईट माणूस नव्हता. त्यानं मोबाइलवर आकडा मागवून बघितला, पण आधारला जोडलेला नंबर माझ्या मुलाच्या जुन्या कार्डाचा, ते कार्ड कधीच हरवलेलं. मग म्हणाला, अंगठा नसला तर डोळा चालतो, पण डोळ्याचं मशीन अहमदपूरला आहे. आम्ही गेलो. एकदा मशीन बंद होतं. एकदा आमचा नंबर यायच्या आत खिडकी लावली. दोन्ही वेळा रोज बुडाला, एसटीचं भाडं गेलं. पुढच्या महिन्यात पैसे आले नाहीत.

व्यापारी आपण होऊन पोतं घेऊन आला. सून दगडापुढं बसली. मी म्हटलं, मी फोडते, तू उठ, या पोटानं बसू नको. पण माझ्या हातून आता गोडंबी फुटते. तिनं हातोडी सोडली नाही. म्हणाली, "अंगठा गेलाच हाय आत्या. आता कुणासाठी जपू?"

 ज्या कामानं अंगठा खाल्ला ते काम सोडायला पैसे लागतात, आणि ते पैसे मिळायला अंगठा लागतो. हे ठरवणाऱ्या साहेबांपैकी एकानंही आयुष्यात बिबा फोडला नसणार. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी मला एवढं कळतं की ज्यांचे हात कामानं झिजतात त्यांनाच पैसे द्यायचे, आणि ओळख मात्र हातावरच मागायची, याला अक्कल म्हणत नाहीत.

जीपनं लातूरच्या दवाखान्यात पोचलो, तिथं डॉक्टरीणबाईंनी पोटावर मशीन ठेवलं आणि आवाज ऐकवला. धडधड चालू होती. सुनेला दिसत नव्हतं, तिनं फक्त कान त्या बाजूला केला. तिला ठेवून घेतलं. शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीची आई डबा भरून लाडू घेऊन आली होती, आम्हालाही दिले. सुनेनं लाडू बोटांनी चाचपला आणि म्हणाली, "अख्खी गोडंबी हाय. चांगल्या हातची."

त्या बाईला वाटलं, लाडवाचं कौतुक केलं. तिनं आणखी एक दिला.

दिवस भरायच्या आधीच पोरगी झाली. एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली. सुनेचे डोळे तोवर किलकिले झाले होते, मी तिला धरून पेटीपाशी नेलं. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. नर्सबाईंना विचारलं, शिवलं तर उतंल का? त्या म्हणाल्या, हात धुऊन शिवा. तिनं धुतले, पुसले, पुन्हा धुतले. शेवटी मीच तिचा हात धरून आत घातला.

डोळे पुरते उघडल्यावर, पेटीतून घरी आलेल्या तान्हीला मांडीवर घेऊन ती अहमदपूरच्या मशीनपुढं बसली. मशीननं डोळा घेतला. पैसे पुन्हा सुरू झाले, मधल्या महिन्यांचे गेले ते गेले. व्यापाऱ्याचं पोतं परत गेलं. तिच्या उजव्या गालावर काळा डाग राहिला आहे, तो जाणार नाही.

मालक मध्ये एकदा दारावरून गेले. पैसे सुरू झाले म्हणं, म्हणाले. मी हो म्हटलं. खुरपणीला कधी येताय, विचारलं. मी म्हटलं, "रोज सांगा आधी."

बिबा उतला त्या उन्हाळ्यात घरात मी होते, सून होती, मोठी नात होती आणि पोटातली होती. चौघीही जगलो.