गळ्यातलं हिरवं कार्ड

‘किरकोळ काम’ हा शब्द ज्याने कायद्यात घातला, त्याच्या घराचं छप्पर कधी कुणी उघडं टाकून गेलेलं नसणार. जपानच्या बांधकाम कायद्यात एक ठरावीक रक्कम आहे. तिच्या आतलं काम ते किरकोळ, आणि किरकोळ कामाला परवाना लागत नाही. शिडी, टेम्पो आणि गोड जीभ एवढ्या भांडवलावर इथे कुणीही छपराचा कंत्राटदार होऊ शकतो. आमच्या घरावरून असं एक किरकोळ काम गेलं आहे. राग आवरून त्याबद्दल लिहावं असं पुष्कळदा ठरवलं, पण ते जमत नाही, तेव्हा आहे तसंच लिहिते.

आम्ही सेंदाईच्या पलीकडे एका लहान शहरात राहतो. नवरा विद्यापीठात संशोधन करतो, मी आयटीत आहे, दोघंही रोज ट्रेनने सेंदाईला जातो. सासरे गेल्यावर सासूबाई साताऱ्याकडच्या गावी एकट्या पडल्या. त्यांना इथे कायमचं आणायला नवऱ्याने इमिग्रेशनचे उंबरठे झिजवले. म्हाताऱ्या आईवडिलांना हा देश सहसा राहू देत नाही. आमच्या आईंना दिलं, पण एकदा सोडून गेल्या तर पुन्हा देतील याची खात्री नाही, हेही तेव्हाच सांगितलं. त्यांच्यासाठी आम्ही अपार्टमेंट सोडून जुनं, लाकडी, कौलारू घर घेतलं. पुढे हातभर माती होती, तिथे आईंनी मेथी पेरली. मेथी उगवल्यावर म्हणाल्या, “आता ऱ्हाईन म्हनते हितं.” नवरा त्या दिवशी आनंदाने दोन वाट्या भात जास्त जेवला.

आम्ही यायच्या आधी या शहराला भूकंपाचा चांगलाच दणका बसला होता. कौलं सरकली की गिधाडं येतातच. बाहेरगावचे लोक दारोदार फिरून ‘फुकट तपासणी’ करायचे, धड कौलं उचकटायचे आणि म्हाताऱ्यांना घाबरवून कामं घ्यायचे. तेव्हा इथल्या नगरपालिकेने स्वतःचा एक नियम केला. शहरात कुणाच्या घराला हात लावायचा असेल तर आधी पालिकेत नोंदणी करायची, आपलं काम दाखवायचं, आणि फोटो असलेलं हिरवं कार्ड गळ्यात घालूनच दारात उभं राहायचं. काम मोठं असो की किरकोळ.

आईंना जपानी अक्षर ओळखू येत नाही. स्टेशनवरची पाटी, कचऱ्याच्या पिशवीवरचा मजकूर, दुकानातलं पाकीट, सगळं त्यांना सारखंच. मीठ समजून एकदा त्यांनी साखर आणली आणि आम्ही गोड आमटी जेवलो. पण ते हिरवं कार्ड त्यांना वाचता यायचं. मी सांगून ठेवलं होतं, गळ्यात हिरवं असेल तर दार उघडायचं, नसेल तर बेल वाजवू दे हवी तेवढी. गटार साफ करणारा, गीझर बघणारा, असे कितीतरी जण त्यांनी बेलच्या पडद्यावर कार्ड बघून आत घेतले आणि चहा पाजून परत पाठवले. या परक्या देशात माणूस पारखायची तेवढी एकच खूण त्यांच्या हातात होती.

ती सरकारने काढून घेतली. वरून कळवण्यात आलं की देशाच्या कायद्याने जे काम सगळ्यांना खुलं ठेवलं आहे, त्याला शहराने आपलं कुंपण घालायचं नाही. दर गावाने वेगळी नोंदणी मागितली तर लहान कारागिरांनी पोट कसं भरायचं, असा युक्तिवाद होता. त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. या गावचा सुतार त्या गावी गेला की त्याची पुन्हा परीक्षा, हा जाच आहेच. पण वरचा कायदा हे काम स्वतः तपासत असता तर मी तोंड उघडलं नसतं. तो म्हणतो, आम्ही बघणार नाही आणि तुम्हीही बघायचं नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, म्हणतात ते याला.

कार्डं रद्द झाली. चांगल्या माणसांनीही ती उतरवून ठेवली, कारण आता त्यांना अर्थ नव्हता. मी आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी सरळ प्रश्न केला, “मंग वळखायचं कसं?” मी म्हटलं, बघून, जपून. याहून शहाणं उत्तर अख्ख्या नगरपालिकेकडेही नव्हतं.

थंडी पडायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. दारावरच्या बेलमध्ये आलेल्या माणसाचं चित्रण होतं, त्यामुळे काय घडलं ते मी नंतर डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं. इस्त्रीच्या निळ्या कपड्यातला एक हसरा माणूस कमरेत वाकून नमस्कार करतो. जपानीत म्हणतो, “पलीकडच्या गल्लीत आमचं काम चालू आहे. तिथून तुमची कौलं उचकटलेली दिसली. वर चढून बघू का?”

आता आईंची बोली साताऱ्याची. ‘आहे’ला त्या ‘हाय’ म्हणतात. आणि जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘हो’. आमच्याकडे यावर हसून हसून पुरेवाट झालेली होती. त्या माणसाला वाटलं असेल ते वाटो, आईंना वाटलं तो घरात कोण आहे ते विचारतोय.

“माझा ल्योक कालिजात हाय,” आई म्हणाल्या.

“मग दुरुस्तही करून टाकू ना?”

“सून हापिसात हाय. सांजच्याला या. आत्ता घरात मी एकलीच हाय.”

तो आणखी खाली वाकला, आभार मानले आणि शिडी आणायला गेला. आई त्याला संध्याकाळी या म्हणून सांगत होत्या. त्याने प्रत्येक वाक्याचं शेपूट तेवढं उचललं.

दुपारी त्याने खाली येऊन फोनवर कुजक्या वाशांचे फोटो दाखवले. ते आमच्या घराचे होते की आणखी कुणाच्या, देव जाणे. मग कागद पुढे केला. पार्सलवाला आला की चपलांच्या कपाटातला, इथे सहीऐवजी चालणारा आडनावाचा शिक्का काढून मारायचा, हे आईंना मीच शिकवलं होतं, आणि पार्सलवालाही असाच वाकतो. त्यांनी शिक्का मारला. आम्ही घरी आलो तेव्हा छपराचा कणा उघडा होता, कौलांचा ढीग मेथीवर पडला होता आणि छपरावर निळी ताडपत्री फडफडत होती. उद्या येतो म्हणून गेलेला माणूस आलाच नाही. फोनवर पहिल्यांदा सापडला तेव्हा म्हणाला, आजींनी स्वतः होकार दिला, शिक्काही मारला, आधी पैसे भरा मग पुढचं काम. नंतर तो नंबरच बंद झाला. असा करार रद्द करता येतो म्हणे, पण रद्द कुणाशी करायचा? पोलिसांनी चहा दिला आणि हे आपसातलं प्रकरण आहे असं सांगितलं. त्या आठवड्यात पाऊस लागला आणि आईंच्या खोलीचं आढं गळायला लागलं. अंथरूण हलवत त्या एकच वाक्य म्हणत राहिल्या, “माझ्या तोंडानं घात केला.”

मी रजा टाकून नगरपालिकेत गेले. काउंटरवर एक पन्नाशीचे, सभ्य अधिकारी होते. मी बेलचं चित्रण त्यांना ऐकवलं. त्यांनी ते मन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, “त्या ‘हाय’ म्हणतात हे खरं आहे.” मग मी त्या सरकारी टेबलावर मराठी क्रियापदाचा तास घेतला. लोक बघत होते, बघोत. त्यांनी मान डोलावली, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि हळू आवाजात म्हणाले, “कार्डाचा तो हिरवा रंग मीच निवडला होता. वयस्कर लोकांना लांबून दिसावा म्हणून.”

हे ऐकून माझा राग शांत व्हायला हवा होता. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. यांना सगळं कळत होतं. कार्ड कुणासाठी आहे, काढल्यावर कुणाच्या दारात काय होणार, सगळं. मी म्हटलं, “मग एक करा. घरी चला आणि माझ्या सासूबाईंना सांगा की यात त्यांची चूक नाही. मी भाषांतर करीन. सरकारी माणसाच्या तोंडून ऐकलं तर त्यांना पटेल.”

 ते उठून उभे राहिले आणि पार काटकोनात वाकले. “क्षमा करा. चूक कुणाची हे ठरवण्याचा अधिकार शहराला नाही.”

या देशात माणसं कंबर मोडेपर्यंत वाकतील, नियम तसूभर वाकणार नाही. मी त्यांच्या टकलाला नमस्कार केला आणि निघाले.

घरी आई ओट्याशी भाजी निवडत होत्या. मी पर्स खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, “सायेब काय म्हनला?”

“म्हणाले, तुमची काही चूक नाही आई,” मी धडधडीत खोटं बोलले.

त्यांचा चेहरा जरा सैलावला. “म्हंजी त्ये कार्ड पुन्यांदा चालू करनार?”

इथे खोटं बोलून भागणार नव्हतं. बेल उद्याही वाजणार होती. “नाही आई. ते त्यांच्या हातात नाही.”

“मंग त्या मानसाला धरत्याल?”

“तोही सापडत नाही.”

आईंनी हातातली जुडी खाली ठेवली. मला समजावून सांगावं अशा आवाजात म्हणाल्या, “मंग बघ की पोरी. कायद्याची चूक न्हाय. सायबाची न्हाय. छप्पर फोडलं त्याला कुनी इचारत न्हाय. ऱ्हायलं कोन? ज्यानं दार उघाडलं त्यो. मंग माझीच चूक झाली का न्हाय?”

मी म्हटलं, आई, असं नसतं. त्यांनी ऐकलंच नाही.

“तुमी दोगं दिसभर भाईर. मी हितं बेल वाजली की जीव मुठीत धरून बसू? माझं तिकीट काढ.”

नवऱ्याने समजावलं, मी भांडले, व्हिसा परत मिळणार नाही तेही सांगून झालं. महिनाअखेरीला तिकीट मीच काढलं. एकेरी.