इंजिनाचं नाक

कारखान्यात हातोडे जेवढे, किस्से तेवढेच. फरक इतकाच, की हातोडे संध्याकाळी जमा करावे लागतात. किस्से बरोबर घरी येतात!

परळच्या आमच्या इंजिन-कारखान्यातले हे किस्से एकाच नाकाचे. कल्पना माझी. मॅट्रिकआधीच शाळा सोडून मी फिटर झालो, तेव्हा गिरगावात वडिलांनी बजावलं होतं, "कामावरून काढलं, तर परत शाळेत!" शाळेपेक्षा मला भट्टी बरी.

*

वरळीच्या कोळ्यांच्या होड्या पुढून निमुळत्या, पाणी कापत जातात. मी साहेबाला म्हटलं, पॅसेंजरच्या इंजिनालाही पुढे पत्र्याचं टोकदार नाक बसवू, वारा कापेल.

रामजी मिस्त्री हसले. तीस वर्षं एकच पाना धरलेला माणूस! "इंजिन वाऱ्याला घाबरतं होय रे?"

साहेब म्हणाला, "बसव. फुकट गेलं, तर तू पण जा."

*

ट्रायलच्या सकाळी मिस्त्रींनी हट्ट धरला, नारळ नाकावरच फोडायचा. एरवी तो जाड बिडाच्या लोखंडावर फोडतात. हा पातळ पत्रा! दोन्ही हातांनी हाणला. नाकाला हा खड्डा, नारळ शाबूत!

"अपशकुन!" मिस्त्री.

"नारळाला नाही झाला!" मी.

*

शीवपर्यंत इंजिन पळवलं. मिस्त्री बाहेर डोकावून उभे. खाडीचा वारा आला आणि पगडी गेली.

"वारा कापला ना? मग माझी पगडी कोणी नेली?"

"नाक इंजिनाला बसवलंय, तुम्हाला नाही!"

साहेब हसला, म्हणून वाचलो.

*

चूक माझीही झाली. इंजिनाची राख पुढचं झाकण उघडून काढतात. मी नेमकं त्याच्यासमोर नाक ठोकलं आणि दार ठेवायलाच विसरलो! राख काढायची तर रोज अठरा बोल्ट खोला. कारखान्यातल्या म्हाताऱ्यांना आठवडाभर जेवताना दुसरा विषय नव्हता. शेवटी गुपचूप नाकाला एक दार कापलं.

*

मग सरहद्दीवर लढाई लागली. वरून हुकूम आला, इंजिनांवरचा जादा पत्रा काढा, दुरुस्ती झटपट व्हायला हवी. साहेबाने मला नाकासमोर उभं केलं.

"उपयोग झाला का, ड्रायव्हर सांगेल. नाही म्हणाला, तर नाकाबरोबर तू."

ड्रायव्हर म्हणजे धोंडूकाका. नव्या वस्तूला जन्मात बरं न म्हटलेला माणूस! मला शाळेचा बाक दिसू लागला.

धोंडूकाकांनी हात जोडले. "साहेब, पोराला ठेवा. आणि नाक काढू नका!"

"वेग वाढला?"

"तां काय माका म्हायत नाय."

"कोळसा वाचला?"

"नाय."

"मग?"

काकांनी नाकाचं दार उघडलं. इंजिन नुकतंच फेरीवरून आलेलं, आतली जागा तव्यासारखी तापलेली. फडक्याने धरून त्यांनी एक पितळी डबा बाहेर काढला आणि झाकण उचललं. बांगड्याचं तिखलं, रटरटत!

साहेबाने वाकून वास घेतला.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लढाई संपली की परत बसव."