मंगलाष्टकांत फुटलेले फुगे

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. लेकीच्या लग्नाचा विषय निघाला की घरचे हसतात, मीही हसतो, आणि खरं काय घडलं ते राहून जातं.

लग्न अकोल्याला, आमच्याच अंगणात, मे महिन्यात भर दुपारी. सजावट माझ्या धाकट्या साळ्याकडे. त्याला अमरावतीत मंडप-सजावटीचा धंदा काढायचा होता आणि हे त्याचं पहिलं काम. नातलगांनी पाहून कामं द्यावीत, ही आशा. सकाळी कूलरसमोर बसून त्यानं फुगे भरले, पण सगळे ढिले.

"काहून रे, असे सुकल्या वांग्यावानी?" मी विचारलं.

"भाऊजी, उन्हात आपोआप फुगतीन. थोडी जागा ठेवा लागते."

हवा तापली की पसरते, जागा नसली की दाब वाढतो, हे मी जन्मभर शाळेत शिकवलं. पण वधूपित्याला दारावर मलूल फुगे बघवेनात. साळा आंघोळीला गेला तसे मी दोरे सोडले, पंप मारला आणि दारावरचे सगळे फुगे टम्म केले.

मंगलाष्टकं चालू होती. मामा म्हणून तो भाचीच्या मागे उभा. एक फुगा फुटला, मग माळच लागली. बँडवाल्यांना वाटलं फटाके वाजले, लग्न लागलं. त्यांनी दणक्यात सुरुवात केली. लोकांनी होत्या तेवढ्या अक्षता उधळल्या. नवरदेवानं अंतरपाटावरूनच हार घातला. गुरुजी सांगत राहिले, "थांबा, अजून दोन बाकी आहेत." लेक इतकी हसली की मुंडावळ्या गळ्यात आल्या. इतकं आनंदी लग्न मी पुन्हा पाहिलं नाही.

पंगतीत एक काका म्हणाले, "मामानं तं दोनदा लग्न लावलं. याले काम देसान तं मंडपच उडवीन."

तो हसला. मी जिलबी वाढत पुढं सरकलो. नातलगांपैकी कुणी त्याला काम दिलं नाही. पुढं तो वरूडला संत्र्यांच्या पॅकिंगला लागला.

गेल्या दिवाळीनंतर मुद्दाम त्याच्याकडे गेलो. त्यानं संत्री सोलून पुढं ठेवली आणि तोच किस्सा सुनेला रंगवून सांगितला. "माहाच अंदाज चुकला," म्हणाला. सगळे पोट धरून हसले. मी तोंड उघडलं, आणि संत्री गोड आहेत म्हणालो. म्हणायचं होतं ते एवढंच: तुझा अंदाज बरोबर होता, फुगे मी भरले होते, मला माफ कर.