अठरा हजार चारशे बारा, आणि एक

टेंटर लेनच्या फुटबॉल मैदानावर आजवरची सगळ्यात मोठी गर्दी किती, असं इंग्लंडातल्या हॉल्टनशॉ गावात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, तो डोळे न उघडता सांगेल: अठरा हजार चारशे बारा. त्रेपन्न सालचा फेब्रुवारी, कपाची पाचवी फेरी. क्लबच्या कचेरीबाहेर हिरव्या पाटीवर पिवळ्या रंगात हा आकडा रंगवलेला होता आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी शिडी लावून त्यावर रंगाचा नवा हात मारायचं. नॉरिस बॅराक्लफ त्या पाटीखालून हजारदा तरी गेला असेल. दर वेळी तो मनातल्या मनात त्या आकड्यात एक मिळवायचा, कारण तो एक म्हणजे तो स्वतः होता.

तेव्हा नॉरिस सहा वर्षांचा. बाप क्लिफर्ड रंगाच्या गिरणीत कामाला. शनिवारी दुपारी अंघोळ करून निघाला तरी नखांत निळा रंग राहायचाच. रांग कालव्याच्या पुलापर्यंत गेली होती. भिंतीत एक माणूस जेमतेम मावेल एवढी फट, त्यात कमरेइतक्या उंचीचं, लोखंडी दांड्यांचं फिरतं दार. त्याला आपण चक्री म्हणू. आतला माणूस पायाने पेडल दाबणार, चक्री एकदा फिरणार, मीटरवर एक आकडा पुढे जाणार. क्लिफर्डने स्वतःचं तिकीट काढलं, नॉरिसच्या काखेत हात घालून त्याला उचललं आणि दांड्यांवरून पलीकडे उतरवलं. चक्री फिरली एकदाच. यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. सगळेच बाप तसं करायचे, आणि नेमक्या त्याच वेळी चक्रीवरच्या माणसाला नाक शिंकरायची आठवण व्हायची.

सोमवारच्या पेपरात आकडा छापून आला. क्लिफर्डने तो मोठ्याने वाचला, चष्म्यावरून पोराकडे बघितलं आणि म्हणाला, "आणि एक."

तेव्हापासून कुणी तो आकडा उच्चारला की क्लिफर्डचं शेपूट ठरलेलं. दारूच्या गुत्त्यात कुणी म्हणालं, "अठरा हजार चारशे बारा होते रे त्या दिवशी," की हा कोपऱ्यातून, "आणि एक." कुणी टोकायचं, "अरे क्लिफ, अशी उचललेली पोरं हजारभर असतील, मग तुझं एकटंच का मोजायचं?" त्यावर उत्तर तयार: "त्यांचे बाप त्यांचं बघतील." नॉरिसच्या लग्नात म्हाताऱ्याने हा किस्सा सांगितला. अठ्ठ्याऐंशी साली इस्पितळात छातीत पाणी झालेलं असताना गावातलीच एक नर्स त्याला बरं वाटावं म्हणून मैदानाबद्दल बोलायला लागली, तिने आकडा काढला, आणि म्हाताऱ्याने नाकातोंडावरचा मास्क बाजूला करून आपलं शेपूट जोडलं. चारच दिवसांनी तो गेला. त्यानंतर ते दोन शब्द नॉरिसने कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत.

आता यातली खरी गंमत ऐका. नॉरिस चोवीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला क्लबमध्ये शनिवारचं काम मिळालं. आठवडाभर बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायची आणि सामन्याच्या दिवशी पाच नंबरच्या चक्रीवर बसायचं. एक्केचाळीस वर्षं त्याने पेडल दाबलं, लाखो माणसं आत सोडली. पण चक्रीवरचे लोक आत येतात कामगारांच्या लाकडी दारातून. त्यांना कोण मोजतो? म्हणजे लहानपणी हा दांड्यांवरून गेला, मिसरूड फुटल्यावर पोरांबरोबर भिंतीवरून आणि मोठेपणी बाजूने. आयुष्यातल्या शनिवारच्या निम्म्या दुपारी ज्या मैदानावर काढल्या, त्या मैदानाच्या एकाही आकड्यात हा माणूस नव्हता. दुसऱ्या कुणाला याचं काही वाटलं नसतं. नॉरिसला वाटायचं, आणि ते बोलून दाखवायची लाज वाटायची.

मैदानही काळाबरोबर आक्रसत गेलं. पूर्वी राखेच्या उंच बांधावर माणसं नुसती उभी असायची, खांद्याला खांदा लावून. पुढे दुसऱ्या गावांत चेंगराचेंगरी झाल्या, माणसं गेली, कायदे आले. टेप घेतलेले साहेब आले, त्यांनी कठडे हलवून बघितले, पायऱ्या मोजल्या आणि सांगितलं, अकरा हजार. काही वर्षांनी पुन्हा आले, सात हजार. शेवटी चार हजार दोनशेवर आणून ठेवलं. जागा होती तेवढीच, माणसं मात्र तिच्यात मावेनाशी झाली.

लंडनच्या वेम्बली स्टेडियमात नव्वद हजार बसतात. नॉरिस एकदा जाऊन आला होता, त्याला तिथून खेळाडू धड दिसलेही नाहीत. क्लिफर्ड जुन्या वेम्बलीबद्दल म्हणायचा, "केवढंही बांधा, गोल आठ यार्डांचाच." तरी क्लबच्या नव्या मालकांना मोठं हवंच होतं. बाहेरच्या रिंगरोडवर, फर्निचरच्या अजस्र दुकानाला चिकटून, पंधरा हजार निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांचं स्टेडियम उभं राहिलं. तिथे चक्री नाही, पेडल नाही; कार्ड टेकवलं की काच सरकते. टेंटर लेनवर घरं होणार होती.

नोकरी गेल्याचं नॉरिसला फार वाटलं नाही. पासष्ट झाली होती, गुडघे कुरकुरत होते. त्याला एकच गोष्ट हवी होती: टेंटर लेनच्या शेवटच्या सामन्याला रस्त्याकडून यायचं, चक्रीतून आत जायचं, मीटर आपल्यासाठी एकदा फिरताना बघायचं. बस्स. त्यासाठी तो सचिवाकडे गेला. डंकन नावाचा हा मुलगा लंडनकडून आलेला, गोड बोलणारा.

"तिकीट? तुम्हाला?" डंकन म्हणाला. "नॉरिस, तुम्ही तर आत असणारच आहात. तेही फुकट!"

"फुकट नको. मोजून हवंय."

"म्हणजे?"

नॉरिसने टोपी हातात फिरवली. सहा वर्षांचा असल्यापासूनची गोष्ट या पोराला सांगायची तर सुरुवात कुठून करायची? "काही नाही," तो म्हणाला.

"तसंही सगळी तिकिटं गेली हो. चार हजार दोनशेच्या वर एक माणूस जरी घेतला तरी परवाना जाईल." डंकनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला नव्या मैदानावर एक छान खुर्ची देऊ."

नॉरिस बाहेर आला आणि त्याने चार नंबरवरच्या म्युरिअलला सगळं सांगितलं. या दोघांच्या मध्ये फळ्यांची एक भिंत. सव्वीस वर्षं दोघं त्या भिंतीतून बोलत आले होते, एकमेकांचं तोंड न बघता. तिचं लग्न मोडलं तेही त्याला फळीतूनच कळलं होतं, आणि क्लिफर्डचं 'आणि एक' तिला फळीतूनच.

"तू त्याला मोजून हवंय असं सांगितलंस?" म्युरिअल हसून हसून खोकायला लागली. "त्याला वाटलं असेल म्हातारा वजन करून मागतोय." मग ती थांबली. "हे बघ, तुझ्या गेटची तिकिटं किती?"

"सहाशे दहा."

"आजवर कधी सगळी आली आहेत? कुणाला ताप येतो, कुणाची सासू मरते. एक जरी नाही आला तर ती जागा तुझी. पेडल मी दाबते."

नॉरिसने त्या संध्याकाळी घरी जाऊन कोट इस्त्री केला.

एप्रिलचा शेवटचा शनिवार. वारा असा की लोकांनी टोप्या हातात धरल्या होत्या. दीड वाजल्यापासून माणसं यायला लागली आणि त्या दिवशी प्रत्येकाला चक्रीत दोन क्षण थांबायचं होतं. कुणी दांड्यावर हात फिरवला, कुणी भिंतीतल्या विटेचा टवका नखाने खरवडून खिशात टाकला. "चल, पुढे सरक, मागे लोक आहेत," नॉरिस म्हणायचा, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता. प्रत्येक जण आत गेला की मीटरवर एक वाढत होता, आणि प्रत्येक वाढीबरोबर सहाशे दहातले किती उरले ते नॉरिस मोजत होता. या माणसांवर त्याचा जीव होता. आज पहिल्यांदाच त्यांच्यातलं कुणीतरी येऊ नये असं त्याला वाटत होतं आणि त्याबद्दल स्वतःचा रागही येत होता.

तीनला पाच कमी असताना मीटर सहाशे नऊवर आलं.

"किती?" फळीपलीकडून म्युरिअल.

"एक राहिलाय. विल्फ."

विल्फ सग्डन समोरच्याच गल्लीत राहायचा आणि सदा उशिरा यायचा. घर जितकं जवळ तितका त्याला उशीर. आत शिट्टी झाली, गर्दीचा आवाज उठला. नॉरिस चक्रीच्या फटीतून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिला. तीन वाजून चार मिनिटांनी विल्फ आला. गळ्यात क्लबचा हिरवा-पिवळा मफलर, हातात तिकीट. नॉरिसचा पाय आपसूक पेडलवर गेला. आपली संधी इथंच संपली असं त्याला वाटलं.

विल्फ चक्रीपाशी थांबला, आत आला नाही. आतून टाळ्या ऐकू येत होत्या.

"काय रे, येतोयस ना?" नॉरिसने विचारलं.

"नाही जमायचं मला, नॉरिस. सकाळपासून तीनदा दारापर्यंत येऊन परत गेलो. शेवटची शिट्टी मला नाही ऐकवायची." त्याने तिकीट फटीतून आत सरकवलं. "हे ठेव. इथलं आहे, इथंच राहू दे." आणि तो वळून गेला, मफलर तोंडाशी धरून.

सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली की चक्रीवरच्या माणसाने मीटर वाचायचं, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, सही करायची आणि चिठ्ठी गोळा करणाऱ्याच्या पेटीत टाकायची. सगळ्या चिठ्ठ्यांची बेरीज म्हणजेच त्या दिवशीचा आकडा. एक्केचाळीस वर्षं नॉरिसने हेच केलं होतं. तीन दहाला गोळा करणारा फळीवर टकटक करत आला, आणि नॉरिसच्या हाताने मीटर वाचलं, सहाशे नऊ लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी पेटीत टाकली. डोक्यात फक्त विल्फचं तिकीट होतं. पेटीवाला कचेरीकडे निघून गेला.

"आता ऊठ," म्युरिअल त्याच्या खोपटात शिरली. "जा बाहेर. आणि रुबाबात ये."

नॉरिस लाकडी दारातून बाहेर पडला, भिंतीला वळसा घालून रस्त्यावर आला. रस्त्यावर कुणी नव्हतं. कोटाची बटणं लावून, तिकीट पुढे करून तो फटीत शिरला. लहानपणानंतर त्या बाजूने चक्री त्याने पाहिलीच नव्हती. दांडे किती खाली होते! त्याच्या आठवणीत ते डोक्याच्या वर होते, आणि काखेत बापाचे हात होते.

"तिकीट, साहेब," म्युरिअल म्हणाली.

त्याने दिलं. तिने पेडल दाबलं. चक्री जड होती. त्याने पोटाने ढकललं आणि ती खटकन फिरली. मीटरवर सहाशे दहा.

आणि तेव्हाच त्याला चिठ्ठी आठवली.

"काय झालं?" म्युरिअलने त्याचा चेहरा बघून विचारलं. त्याने सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा! जा ना पळत, अजून वेळ आहे. डंकनला सांग, एक वाढव म्हणून."

तो कचेरीपर्यंत गेलाही. दारात डंकन टीव्हीवाल्यांशी हसत बोलत होता. नॉरिस पाटीखाली थांबला. जाऊन सांगायचं काय? की मी आलोय? एवढ्या माणसांत, एवढ्या गडबडीत, पासष्ट वर्षांच्या माणसाने? तो मागे फिरला आणि कालव्याकडच्या गोलमागच्या पायऱ्यांवर, गंज चढलेल्या तिसऱ्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. क्लिफर्ड तिथे उभा राहायचा. त्याला बापाची फार फार आठवण आली, इतकी की समोर कुणी गोल घातला हेही त्याला शेजारच्याला विचारावं लागलं.

गेट बंद करून म्युरिअल आली, कागदात व्हिनेगर घातलेले चिप्स घेऊन. दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच मध्ये फळी नव्हती.

सामना संपायला वीस मिनिटं असताना भोंगा खरखरला. "टेंटर लेनवरील आजच्या, अखेरच्या सामन्याची उपस्थिती," डंकनचा आवाज गोड झाला होता, "चार हजार एकशे एक्क्याऐंशी. आपणा सर्वांचे आभार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नॉरिसनेही वाजवल्या. टाळ्या ओसरल्या आणि क्षणभर सगळ्या पायऱ्या शांत झाल्या. तेव्हा म्युरिअलने चिप्स त्याच्या हातात कोंबले, दोन्ही तळवे तोंडाशी धरले आणि भोंग्याच्या दिशेने सगळ्या ताकदीनिशी ओरडली,

"आणि एक!"

पुढच्या पायऱ्यांवरची माणसं वळून बघायला लागली. नॉरिसने डोक्यावरची टोपी काढली आणि तोंडावर धरली.