सरळ उमटलेला शिक्का

जपानी कार्यालयात सही करत नाहीत, शिक्का मारतात. प्रत्येकाकडे आपल्या आडनावाचा छोटा गोल शिक्का असतो. अहवाल तयार झाला की तो फायलीत घालून टेबलाटेबलांवरून फिरवतात आणि ज्याने त्याने आपल्या चौकोनात शिक्का उमटवायचा. काही जुन्या कार्यालयांत खालच्या माणसाने आपला शिक्का साहेबांच्या शिक्क्याकडे जरा कलता मारायची रीत आहे, नमस्काराला वाकल्यासारखा. त्सुकुबातल्या ज्या लहानशा संशोधन संस्थेत मी सगळी नोकरी केली, तिथेही ती होती. अशाच एका शिक्क्यापायी मी बारा-तेरा वर्षं खोटं सांगत आलो.

पुण्यात जपानी शिकलो, इथे येऊन चिनी शिकलो, आणि पुढे जन्मभर चिनी पक्षाची वर्तमानपत्रं वाचली. माझ्यासमोरच्या टेबलावर एक चिनी बाई बसायच्या. विद्यार्थिनी म्हणून आलेल्या, इथेच राहिलेल्या. नवरा लवकर गेला, एक मुलगी. आम्ही दोघं भाषणांतली वाक्यं कार्डांवर उतरवायचो. कोणता शब्द गळला, कोणता नवा आला, कोणता पहिल्या पानावरून चौथ्या पानावर गेला, एवढंच बघायचं. त्या देशात कोणी काही सरळ सांगत नाही, तेव्हा खुणा वाचायच्या.

खुणांची सवय आम्हाला इतकी लागली की आपसातही आम्ही त्याच वापरू लागलो. एखाद्या अहवालाचा निष्कर्ष मला पटला नाही, तर मी शिक्का जास्तच कलता मारायचो. बाई फाईल उघडून म्हणायच्या, "आज तुमचा शिक्का आडवाच झोपलाय. साहेबांचं मत दिसतंय."

"म्हातारा झालाय शिक्का," मी म्हणायचो.

शिक्का सरळ असला तर मत माझं. हे आमच्या दोघांतच होतं.

या बाई रविवारी घरी बसून लिहायच्या. आपल्या गावातला कारखाना बंद पडला, कामगारांना बाहेर काढलं, तक्रार करणाऱ्यांना पोलिसांनी नेलं, असं सगळं. हाँगकाँगच्या एका मासिकात ते त्यांच्या खऱ्या नावाने छापून यायचं. त्यामुळे त्या कित्येक वर्षं घरी गेल्या नव्हत्या. गावी आई होती, अंथरुणाला खिळलेली.

अशात तिकडे चीनमध्ये वरचा माणूस बदलायची वेळ आली. नवा येणार तो साधं बोलतो, खेड्यात राहिलेला आहे, त्याच्या घरच्यांनीही सोसलं आहे, असं सगळीकडे लिहून येत होतं. जपानी कंपन्या विचारत होत्या की धोरण बदलेल का. तो अहवाल माझ्याकडे आला.

मी कार्डं मांडली. जुन्या माणसाची भाषणं एका रांगेत, नव्याची दुसऱ्या. आर्थिक गोष्टींवरचे शब्द हलले होते. पण शिस्त, स्थैर्य, पक्षाचं नेतृत्व यांवरची वाक्यं तीच होती, शब्दांचा क्रमही तोच. मोठा बदल त्या देशात एकदा झाला होता, पण तेव्हा आधीचं सगळंच फसलं होतं. या वेळी तसं कोणाला वाटत नव्हतं. मी लिहिलं, माणूस बदलेल, निदान विरोधात बोलणाऱ्यांबाबतचं धोरण बदलणार नाही.

साहेबांनी मला चहाला बोलावलं. आवाज न चढवता म्हणाले, "हे जरा उदास वाटतं. आणि या वेळी अहवालावर लेखक म्हणून तुमचं एकट्याचं नाव घालायचा विचार आहे."

तोवर माझं नाव नेहमी तळाला, आभारांत असायचं. मी शेवटचं वाक्य बदललं: सावध मोकळेपणाची चिन्हं दिसत आहेत. पहिल्याच चौकोनात, लेखकाच्या जागी, मी शिक्का मारला. आयुष्यात पहिल्यांदा वर जागा मिळाली होती. मी तो ताठ उमटवला. त्या क्षणी मला समोरच्या टेबलाची आठवणही झाली नाही. खरं तर हेही पूर्ण खरं नाही. दुपारी फाईल त्यांच्यापुढे गेली तेव्हा आठवण झाली. त्यांनी ते पान उघडलं, बराच वेळ बघत राहिल्या, मग माझ्याकडे बघून हसल्या. मी कार्डांत डोकं घातलं.

वसंतात त्या गावी गेल्या. परतीचं तिकीट काढून, दहा दिवसांसाठी. जायच्या आधी आमच्या घरी जेवल्या. बायकोने त्यांच्या आईसाठी बेसनाचे लाडू बांधून दिले. दारात बूट घालताना त्या म्हणाल्या, "तुमचा अहवाल चांगला झालाय." मला बोलायला तेवढा वेळ होता. मी म्हणालो, "सांभाळून जा."

गावी पोचल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. आई त्या उन्हाळ्यात गेली, तरी यांना सोडलं नाही. आधी फोन यायचे, मग फक्त सणाला, मग बंद झाले. पुढच्या वर्षांत धोरण बदललंच, आणखी आवळलं गेलं. म्हणजे मी खोडलेलं वाक्यही पुरतं बरोबर नव्हतं. पण त्या वाक्यावर बाई थांबल्या असत्या.

मुलगी तेव्हा शाळेत होती. ती जपानातच, ओजिमाला मावशीकडे राहिली. आम्ही तिला भेटायला जायचो. पहिल्याच भेटीत तिने विचारलं, आईला जाऊ का दिलं, आणि मी म्हणालो, "मी आईला नको म्हटलं होतं गं." बायकोने घरी येऊन आधी दार लावलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही नको म्हणालात तेव्हा मी कुठे होते?" पुढे ती असेपर्यंत तिने तो विषय काढला नाही. तीही आता नाही.

गेल्या महिन्यात मुलगी आली. आता कोबेला नोकरी करते. जपानीच बोलते, पण मला "काका" म्हणते, ते बायकोने शिकवलेलं. तिच्या चीनमधल्या मामाचा निरोप आला होता. तिची आई थंडीत गेली, आजीशेजारी पुरली आहे.

चहा तसाच ठेवून ती म्हणाली, "काका, आता तिथला माणूस म्हातारा झालाय. पुन्हा बदल होईल म्हणतात. झाला की आईच्या थडग्यावर जाऊन येऊ का? माझा पासपोर्ट तर जपानी आहे. तुम्ही आईला नको म्हटलं होतं, म्हणून तुम्हालाच विचारते."

मी उठून कपाटातून तो अहवाल काढला. शिक्का दाखवला. कलता शिक्का म्हणजे काय, सरळ म्हणजे काय, ते सांगितलं. खोडलेलं वाक्य सांगितलं. नको म्हटलं नव्हतं, हेही.

तिने शिक्क्यावर बोट ठेवलं. "आईने हे बघून ठरवलं?"

"हो."

"तिने विचारलं का नाही तुम्हाला?"

"तिला वाटलं, मी सांगितलंय."

तिने अहवाल मिटला. मग म्हणाली, "माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

मी म्हणालो, नवा माणूस आला तर काय होईल ते मला माहीत नाही. जन्मभर वाचूनही माहीत नाही. पण माझं मत विचारशील तर जाऊ नकोस. परतीचं तिकीट आईकडेही होतं.

तिने मान हलवली. अहवाल पिशवीत घालून ती दाराशी गेली, बूट घातले. जाताना "काका" म्हणाली नाही. जपानीत, परक्या माणसाला म्हणतात तसं, वाकून आभार मानले.

ती जाईल की नाही, मला सांगेल असं वाटत नाही.