हळदवाल्या बायकांचं दप्तर

“आदी हात धुऊन ये.” तायव्वांनी मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. नाव त्यांनी नंतर विचारलं.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका गोदामाच्या माडीवर हळद निवडणाऱ्या बायकांच्या संघटनेची खोली होती. निवडायला यंत्रं आली, बायका पांगल्या आणि आता ती खोली रिकामी करायची होती. कामगार संघटनांची जुनी कागदपत्रं आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आणायचं काम माझ्याकडं होतं. मी खालच्या नळावर हात धुऊन वर आले. ते उलटसुलट करून बघितल्यावरच पंच्याहत्तरीच्या तायव्वांनी दोन पत्र्याच्या ट्रंका उघडल्या. आत पत्रकं, फोटो आणि सभांची जाडजूड रजिस्टरं होती.

तायव्वांना वाचता येत नव्हतं. तरी संघटना मोडल्यावरही दर उन्हाळ्यात त्या माडी चढून कागदांना ऊन दाखवत, कडुलिंबाचा पाला बदलत. “मला कळत न्हाई म्हनून काय झालं?” त्या म्हणायच्या, “ज्याला कळतंय त्यो येईल की कवातरी.”

महिनाभर मी रोज तिथं जात होते. मी वाचायचे, त्या सांगायच्या. एका रजिस्टरात बायकांच्या संपाच्या दिवसांतल्या सभा होत्या. घाईत नावं लिहायची राहिली होती, नुसते अंगठे होते. तायव्वा ते ओळखत गेल्या. “ह्यो गंगव्वाचा. आमची अध्यक्ष. इतका दाबून उठवायची, कागद फाटंल म्हनून आमी वरडायचो. ह्यो चिरलेला मालनचा, विळीवर कापून घेतलावता.” एका अंगठ्यापाशी मात्र त्या थांबल्या. खिडकीकडं धरून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

“मावशी, शेवंताबाईंचा असेल,” मी म्हणाले. “त्या मालनबाईंच्या शेजारी बसायच्या म्हणालात ना?”

“असंल. पन मला ठावं न्हाई. उगं नांव लिवू नगंस. दुसरीचा असला तर ती बिचारी जाईल की पुसून.”

तो संप संडास आणि प्यायच्या पाण्यासाठी होता. गोदामात बायकांना सोयच नव्हती, म्हणून त्या दिवसदिवस पाणी न पिता हळदीच्या धुळीत बसायच्या. चौथ्या दिवसाची नोंद मी वाचायला घेतली आणि मध्येच अडले.

“का गं थांबलीस? वाच.”

मी वाचलं, “तायव्वा आज कामावर गेल्या. त्यांच्याशी कोणी बोलू नये असे ठरले.”

खाली हमालांची हाळी चालली होती. तायव्वा माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “खरं हाय त्ये. नवऱ्यानं हाणलं न्हाई, मालकानं दमदाटी केली न्हाई. मी भ्याले, बास. तीन दिस एकलीच आत बसून हळद निवडली. भाईर त्या सगळ्या उन्हात. त्याच्या म्होरल्या दिशी उठले आन् जाऊन त्यांच्या कडंला हुबी ऱ्हायले. कुनी बगंना. मग गंगव्वा मालनला म्हनली, ‘सरक गं जरा, बसू दे तिला.’ एवढंच. पुना कवा तिनं त्यो विषय काडला न्हाई. संडास बांधून झाला तवा पयल्यांदा मलाच आत धाडलंन!” आणि त्या खुदकन हसल्या.

पुढं गंगव्वांच्या मागं अध्यक्ष झालेली ही बाई. मला फार अवघडल्यासारखं झालं. “मावशी, कागदपत्रं सगळ्यांसाठी खुली राहणार. हे पान बाजूला ठेवू का?”

त्या चिडल्या. “आगं, पान काडलंस तर तिनं मला जागा दिली ती कुनाला कळंल?”

दप्तर कॉलेजात आलं. वर्षभरानं तायव्वा मिरजेला दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेले, तर पहिला प्रश्न, “येत्यात का गं कोन वाचायला?”

“येतात की.”

त्यांनी माझा हात धरला. “खरं सांग.”

“दोघीच आल्या, मावशी. इथल्याच एका दवाखान्यात कंत्राटावर झाडलोट करतात. त्यांना संघटना काढायचीय. सभेचं कसं लिहितात ते बघून गेल्या.”

तायव्वा कोपरावर भार देऊन उठायला लागल्या. “आन् तू हितं काय करतीस? जा की त्यांच्यात. लिवनारं मानूस लागतंय. आमचं नडलंवतं.”

त्या आठवड्यातच तायव्वा वारल्या. रविवारी दवाखान्यातल्या झाडलोटवाल्या बायकांची पहिली सभा होती. एका घराच्या ओट्यावर अकरा जणी जमल्या होत्या. मी नवी वही उघडली, पण पेन चालेना. शेजारची म्हणाली, “ताई, रडताय का?” मी तायव्वांचं नाव सांगितलं. “कोन वो त्या?” तिनं विचारलं. मग मी सांगत बसले, आणि त्या दिवशी सभेचं कामकाज तासभर उशिरा सुरू झालं.